मोहतळ्याच्या पाळीवरचा कायदा

इस्तारी पचारे म्हणजे मोहतळ्यातला ऐरागैरा माणूस नोहे. दहावीत गणितानं दगा देल्ला, नाईतं तो आज कुठच्या कुठी असता, हे साऱ्या गावाले ठाऊक आहे. ज्याले ठाऊक नाई त्याले इस्तारी सोताच सांगते. कोनाचा अर्ज लिवाचा असला, तहसीलात सायबासमोर उभं राहाचं असलं, बँकेतल्या पोराले दोन शब्द सुनवाचे असले, तं लोक त्याच्याच दारात येतात. आन सही तं अशी करते का पाहत राहावं.

ढिवराच्या घरातला. आधी पोहाले शिकला, मंग चालाले, असं त्याची माय सांगे. त्याचा बा कोलू पचारे. गावचा तलाव त्या कोलूच्या शब्दावर चाले. शब्दावर म्हणण्यापरीस त्याच्या गप्प राहण्यावर चाले म्हटलं तं जास्त खरं होईन.

तलाव मालगुजारीच्या काळचा. पाळ एवढी रुंद का बैलबंडी आरामात जाते. पाळीवर मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या. पाणी शेतकऱ्याचं आन मासे ढिवराचे, हे कोनी कुठी लिवून ठेवलं नोहोतं, तरी साऱ्याइले पाठ होतं. दिवाळी सरली, धान कापून झाले का मोठं जाळं पाण्यात उतरे. सारे ढिवर त्या एका जाळ्याले लागत. मासे पाळीवर आणून ओतत. तिथी घराघरच्या टोपल्या रांगेनं ठेवल्या राहत, आन एकेका टोपलीत बारीबारीनं मासे पडत. ज्याची टोपली रांगेत, तो वाटेकरी. नाव नाई, अंगठा नाई, शिक्का नाई.

कोनाले नवा वाटा पायजे असला तं त्यानं तोंड उघडाचं नाई. सकाळी यावं आन आपली टोपली रांगेच्या शेवटी ठेवावी. ज्याले मंजूर नसन त्यानं ती उचलून बाजूले ठेवावी. एकानंबी उचलली तं वाटा नाई. कोनीच नाई उचलली, तं झाला कायदा.

'हो' कोनीच म्हणे नाई. म्हणाची रीतच नोहोती. 'हो' म्हटलं म्हणजे मी तुले देल्लं असं होते, आन तलाव कोना एकाच्या बापाचा नोहे का त्यानं द्यावा. बोलणारा दाता होते आन समोरचा भिकारी. म्हणून सारे पाण्याकडे पाहत, तंबाखू मळत, आन टोपली तिथीच राहे. मोठी अदब होती त्या गप्प राहण्यात. पुण्या-मुंबईच्या लोकाइले समजाची नाई ते.

इस्तारी लहान होता तवा आशाबाईचा नवरा तापानं गेला. तोवर बाईमाणसाची टोपली रांगेत कधी लागली नोहोती. आशाबाई पदर सावरत आली, टोपली ठेवली आन पाठ फिरवून उभी राह्यली. कोलूनं टोपलीकडे पाह्यलं, मंग तलावाकडे पाह्यलं आन तंबाखूची चिमटी होटात धरली. बस. त्या दिवसापासून मोहतळ्यात विधवेचा वाटा लागू झाला. सभा नाई, भाषण नाई. अशा बाचा पोरगा आहे इस्तारी.

पण तेच गप्प राहणं पुढे गावाच्या अंगावर आलं.

गुणवंतराव म्हणजे गावचा मोठा शेतकरी आन उपसरपंच. तलावाखालच्या साऱ्या चांगल्या बांध्या त्याच्या. जाळ्याशी त्याचा संबंध इतकाच का त्याले मरळ मासा लय आवडे. कोलू मेला त्याच साली त्यानं आपल्या गड्याच्या हातानं रांगेत एक टोपली ठेवली. लोक पाण्याकडे पाहत राह्यले. पुढच्या साली दोन झाल्या. त्याच्याच बांधीत रोवण्याले जाणारे लोक, त्याच्या टोपलीले हात कोन लावन? आशाबाईच्या वेळी गप्प राह्यले ते मायेनं आन याच्या वेळी गप्प राह्यले ते भ्यानं. पण गप्प ते गप्पच. टोपली काय माणसाचं मन पाहाले जाते? झाला कायदा.

तवापासून इस्तारीच्या पोटात आग होती. "माह्या बाच्या पाळीवर त्याचा गडी कमरेवर हात ठेवून उभा राहते," तो जेवताना बायकोले, चंदाबाईले म्हणे.

"मंग उचला ना त्याची टोपली."

"उचलली असती. टाइम पाहून राह्यलो."

"पाहा. मरळ तं तो खाऊन राह्यला."

टाइम आला. ग्रामपंचायतीचा सचिव हेमराज, बाहेरगावचा पोरगा, स्वभावानं सरळ. तो एक दिवस घरी आला आन म्हणाला, "इस्तारीभाऊ, तलाव आता असा तोंडी चालणार नाई. वरून विचारणा आहे. तुमच्या तलाव समितीची नियमावली लेखी पायजे. सभासद कोन, वाटा कसा, नियम बदलाचा असला तं कसा बदलाचा. नाईतं तलाव लिलावात जाईन आन बाहेरचा ठेकेदार येईन."

बाकीचे घाबरले. इस्तारी मनातून खूश झाला. लिवणं म्हटलं का त्याच्याशिवाय गावात होतं कोन?

त्याच दिवसात शाळेत संविधान दिन झाला. इस्तारी शाळा समितीत, म्हणून त्याले पुढची खुर्ची. दिव्यानी मॅडम वरोऱ्याकडच्या, नव्या नोकरीच्या, पोराइले सोपं करून सांगत होत्या. "आपलं संविधान लिहिलेलं आहे. कलम काढून वाचून दाखवता येतं. इंग्लंडमध्ये असं एक पुस्तक नाही. काही कायदे, काही कोर्टाचे निकाल आणि बाकी चालत आलेले रिवाज. कोणी मोडत नाही म्हणून ते रिवाज चालतात. तिथली संसद साध्या बहुमतानंही त्यात बदल करू शकते. आपल्याकडे बहुतेक कलमं बदलायची तर संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ती एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त असावी लागतात. काही कलमांना तर निम्म्या राज्यांची संमतीही लागते."

इस्तारीले राहवलं नाई. "म्हणजे मॅडम, विलायतवाले आमच्या पाळीसारखे आहेत म्हणा."

पाळीची रीत मॅडमले माहीत होती. त्या हसल्या. "तसंच म्हणा."

"मंग तिथी एखादा गुणवंतराव निघाला तं?"

पोराइले काई समजलं नाई. मास्तराइले समजलं आन ते छताकडे पाहाले लागले. मॅडम म्हणाल्या, "रिवाज मोडणाऱ्याला लाज वाटावी लागते. नाही वाटली तर लोकांना राग तरी यावा लागतो. दोन्ही नसेल तर न लिहिलेला कायदा ज्याच्या हाती जोर, त्याचा होतो."

हे वाक्य इस्तारीले असं लागलं का तो घरी आला आन जेवणाआधी लिवाले बसला. पहिला नियम: कोलू पचारे जिता होता तवा ज्या घराची टोपली रांगेत होती, तेच घर सभासद. एका ओळीत गुणवंतराव बाहेर. दुसरा नियम: नवा सभासद घ्याचा तं सभेत सगळ्या सभासदाइनं हात वर करून संमती द्यावी. आन तिसरा: हे दोन नियम बदलाचे तं त्यालेबी सगळ्याइची संमती.

हेमराजनं वाचलं आन डोकं खाजवलं. "भाऊ, माह्याजवळच्या नमुन्यात दोन तृतीयांश आहे."

"दोन तृतीयांश माणसं गुणवंतराव एका संध्याकाळात गोळा करते. तू सारे लिव. साऱ्याइत मी येतो, आन मी जिता आहे तोवर त्याची टोपली लागत नाई."

"पण मंग तुमाले कधी काई बदलाचं असलं तं?"

"बदलाची गरज चुकलेल्या कायद्याले पडते."

मॅडमले त्यानं मुद्दाम नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची संमती? इस्तारीभाऊ, हे तर कुलूप लावून किल्ली तलावात फेकल्यासारखं झालं." इस्तारीले ही आपली तारीफ वाटली. असं पक्कं कुलूप दिल्लीतबी नाई असं मॅडम म्हणतात, हे तो गावभर सांगत फिरला.

आन खोटं काऊन बोलावं, त्या साली कायद्यानं काम केलं. जाळं लागलं त्या सकाळी गुणवंतरावचा गडी दोन टोपल्या घेऊन आला. इस्तारीनं खिशातून कागद काढला आन साऱ्याइसमोर खड्या आवाजात वाचला. गडी इकडे तिकडे पाहत राह्यला, मंग टोपल्या उचलून उतरून गेला. मारामारी नाई, शिवीगाळ नाई. जे काम साऱ्या गावाच्या हातानं झालं नोहोतं ते चार ओळीनं केलं. लोक त्या दिवशी मोकळ्या मनानं मासे घेऊन घरी गेले. आशाबाई म्हणाली, "कोलू राह्यला असता तं खूश झाला असता." इस्तारीनं ते वाक्य पुढे कितीक दिवस वापरलं.

मंग कांता आली.

कांता त्याची लहान बहीण. सिरोंच्याकडे देल्ली होती. नवरा मिरची तोडाले तेलंगणात गेला आन तिथीच दुसरं घर मांडून बसला. कांतानं वाट पाह्यली, निरोप धाडले, आन एक दिवस लोखंडी पेटी घेऊन माहेरी उतरली. रडली नाई. तेलुगू शिकली होती, शिव्या तेलुगूत देई, म्हणजे समोरचा हसत ऐकून घेई. जाळं विणाचा हात थेट बाचा. इस्तारीच्या घरामागं तिनं एक खोली उभी केली, चूल वेगळी मांडली, आन पोळा येईपर्यंत गावातलं एक फाटकं जाळं असं राह्यलं नाई का ज्याले तिची गाठ नाई.

धान कापाले आले तवा ती इस्तारीजवळ येऊन बसली. "भाऊ, औंदा माही टोपली लावीन मी."

"माह्या टोपलीतलं नाई पुरत का तुले? कधी कमी पडू देल्लं?"

"तुह्या टोपलीतलं खाल्लं तं मी पाहुणी. मले पाहुणी नाई राहाचं. वहिनी रोज ताट वाढते, काई बोलत नाई, पण ताट वाढते ना. माह्या चुलीवर माह्या वाट्याचं शिजलं पायजे."

"लागन तुही टोपली. रीतसर लागन. सभा लावतो."

"सभा कायले? सकाळी येईन आन ठेवीन. कोनाच्या पोटात दुखलं तं उचलन."

"ते दिवस गेले, कांते. आता कायदा आहे."

"कायदा तवाबी होता," कांता म्हणाली.

"तो हवेतला. हा लिवलेला. आन तू काऊन भेतं? इस्तारी पचारेची बहीण आहे तू. तुले नाई म्हणाची हिंमत कोनात आहे?"

हिंमतीचा प्रश्नच नोहोता. गावात एक माणूस असा नोहोता ज्याले कांता नको होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जाळं लागाच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलात सभा झाली. सारे सभासद आले. आशाबाई, आता पार वाकलेली, भिंतीले टेकून बसली. इस्तारी अध्यक्ष, त्याच्या बाजूले हेमराज लिवाले. गुणवंतराव सभासद नोहोता, पण उपसरपंच म्हणून दारापाशी खुर्ची टाकून बसला होता. कांता बाहेर ओट्यावर.

हेमराजनं ठराव वाचला. "कांताबाईले तलाव समितीचं सभासद करून घ्याचं. ज्याइची संमती आहे त्याइनं हात वर करा."

इस्तारीनं हात वर केला. पार सरळ, खांद्यातून.

दुसरा हात उठला नाई.

लोक खिडकीकडे पाहाले लागले. खिडकीतून तलाव दिसते. कोनी तंबाखू काढली, कोनी होटात धरली. आशाबाईनं हनुवटी गुडघ्यावर ठेवली आन पाण्याकडे नजर लावली. जसे पाळीवर बसत, तसेच्या तसे बसले. कोलूच्या काळी अशा गप्प राहण्यावर टोपली मासळीनं भरून गेली असती.

हेमराजनं वाट पाह्यली. "कोनाचा विरोध आहे का?"

त्यालेबी कोनी बोललं नाई. विरोध होताच कोनाचा?

"मंग मी काय लिवू?" हेमराजनं इस्तारीले हळूच विचारलं.

इस्तारीले समजलं होतं. लोक 'हो' म्हणून बसले आहेत, हे त्याले नाई समजन तं कोनाले समजन? त्याच पाळीवर वाढला होता तो. तो बोलाले तोंड उघडणार, एवढ्यात दारातून गुणवंतरावचा आवाज आला. आवाज बिलकुल गोड.

"सचिव साहेब, एक शंका आहे. गप्प राह्यलेला माणूस 'हो' मदी धराचा का 'नाई' मदी?"

हेमराज इस्तारीकडे पाहाले लागला.

"नाई, मी सहज विचारून राह्यलो," गुणवंतराव म्हणाला. "गप्प राहणं म्हणजे 'हो' असन, तं माह्या दोन टोपल्याच्या वेळीबी सारे गप्पच होते. दोन साल गप्प होते. कोलूभाऊच्या काळची रीत चालू करत असान तं साऱ्याइलेच चालू करा. बहिणीले एक अन् गावाले दुसरा, असा तं कायदा नाई ना लिवला तुमी, इस्तारीभाऊ?"

इस्तारीचा हात अजून वरच होता. त्यानं तो खाली घेतला.

हेमराज पोरगा चांगला. तो वाकून म्हणाला, "भाऊ, पुन्हा एकदा विचारू का? लोकाइले बहुतेक समजलं नाई. तुमी उभं राहून सांगा, का बाबा, हात वर केल्याशिवाय होत नाई. करतीन."

एवढंच कराचं होतं. उभं राहाचं आन म्हणाचं, का माह्या बहिणीसाठी हात वर करा. पण दारात गुणवंतराव गालातल्या गालात हसत बसला होता. त्याच्यासमोर इस्तारी पचारेनं लोकाइपाशी हात मागाचे? आन ज्या गावाले त्यानं कायदा शिकवला, त्या गावाले कायदा समजला नाई असं सोताच्या तोंडानं कबूल कराचं?

"आमच्या गावाले समजते साहेब," इस्तारी मोठ्यानं म्हणाला. "एकदा विचारलं ते विचारलं. काय झालं ते लिवा."

हेमराजनं लिवलं. संमती एक. ठराव नामंजूर.

सभा उठली. लोक हसत बोलत बाहेर पडले, कारण त्याइच्या हिशोबानं काम झालं होतं. आशाबाई ओट्यावरून उतरताना कांताजवळ थांबली. "सकाळी लवकर येजो बाई. दव लय पडते, टोपलीखाली पोतं टाकजो."

कांता हसली. सहा महिन्यात पहिल्यांदा ती तशी हसली, चंदाबाई सांगते.

इस्तारीनं घरी येऊन कांताले काई सांगितलं नाई. सकाळी सांगू म्हणाला. सकाळी ती त्याच्याआधी निघून गेली होती.

तो पाळीवर पोचला तवा टोपल्या रांगेनं लागल्या होत्या. शेवटची कांताची, नवी कोरी, खाली पोतं. ती पाण्यात उतरून बाकीच्याइबरोबर जाळं ओढून राह्यली होती, कमरेपर्यंत भिजलेली, तेलुगूत काईबाई बोलून लोकाइले हसवून राह्यली होती. मासे आले. रोहू, कतला, दोन मोठ्या मरळी. ढीग चमकाले लागला. आन पाळीच्या खाली, रस्त्यावर, गुणवंतराव सोता उभा. त्याच्यामागं गडी, गड्याच्या डोक्यावर दोन टोपल्या.

"मी काई बोलून राह्यलो नाई, इस्तारीभाऊ," तो खालून म्हणाला. "मी गप्प आहे."

टोपल्या भराले सुरुवात झाली. एक, मंग दुसरी, मंग तिसरी. मासे टाकणारा माणूस जसजसा शेवटच्या टोपलीकडे सरकून राह्यला तसतसा गुणवंतरावचा गडी एकेक पाऊल पाळ चढून राह्यला. कोनी कांताच्या टोपलीले हात लावला नाई. सारे पाण्याकडे पाहत होते.

इस्तारी रांगेच्या शेवटी गेला. वाकला. आन कांताची टोपली उचलून बाजूले ठेवली.

जाळ्याजवळची हसाहस एकदम बंद पडली. कोलूच्या हयातीत त्या पाळीवर कोनाची टोपली उचलल्याचं कोनाले आठवत नोहोतं.

आशाबाई काठी टेकत आली. "काय केलं रे हे? आमी तं काल 'हो' म्हटलं होतं."

"कवा म्हटलं? कोनी हात वर केला?"

"हात कायले वर कराचा? तिच्यावर उपकार कराचे होते का आमाले?"

"कायद्यात हात लिवला आहे, आशाबाई."

"मंग गप्प राहाची जागा कुठी लिवली आहे?"

गुणवंतरावचा गडी थांबला होता, मालकानं मान हलवली, दोघंबी माघारी वळले. गुणवंतराव जाता जाता म्हणाला, "मानलं बा तुमाले. पक्कं काम आहे." त्यातला एक शब्द खोटा नोहोता, हेच त्याचं वाईट.

कांता पाण्यातून वर आली. टोपलीकडे पाह्यलं, मंग भावाकडे. "दुसऱ्या कोनी उचलली असती तं मी भांडली असती," ती म्हणाली. एवढंच मराठीत. शिवी कोनत्याच भाषेत देल्ली नाई.

लोकाइनं आपापल्या टोपलीतून तिले द्याले पाह्यलं. तिनं एक शेपटीबी घेतली नाई. आठ दिवसात खोलीले कुलूप लावलं आन भामरागडले निघून गेली. सिरोंच्याकडची तिची एक ओळखीची बाई तिथी राहत होती, जाळं विणाचं काम तिथी मिळते म्हणे.

गावात इस्तारी सांगत फिरला का दोष लोकाइचा आहे. "मूग गिळून बसले सारे. दोन बोटं वर केली असती तं काय हात झडून पडत होता? मी तं केला होता हात." खरंच केला होता, त्याले साक्षीदार सारं गाव. पण हे ऐकताना लोक त्याच्याकडे पाहत नाई. पाण्याकडे पाहतात.

पुढच्या साली लग्न होऊन वेगळा निघालेला एक पोरगा पाळीवर टोपली घेऊन आला आन ठेवाच्या आधी उभा राहून विचारू लागला, "भाऊ, ठेवू का?" मोहतळ्याच्या पाळीवर असं विचारणारा तो पहिला. इस्तारी म्हणाला, "सभेत ये." तो सभेत आलाच नाई, टोपली घेऊन घरी गेला. दिव्यानी मॅडमनं एकदा सांगून पाह्यलं का आधी तिसरा नियमच बदलून घ्या, दोन तृतीयांश करा, देशाचंही संविधान शंभरावर वेळा बदललं आहे, त्यात कमीपणा नाही. इस्तारी म्हणाला, "देशाचं देशाले माहीत." आन बदलाले तरी सारे पायजे होते, आन आता सभेले सारे येतच नाई.

पाऊस संपून भामरागडचा रस्ता मोकळा झाला तवा चंदाबाईनं टोचून टोचून त्याले धाडलं. नदीच्या काठी कांता जाळं पसरून बसली होती. जरा काळवंडली होती, पण हात तसाच चाले. तिनं पाणी देल्लं, भात-मासे वाढले.

"इथी वाटा कसा राहते?" इस्तारीनं विचारलं. त्याले नियमाची सवय.

"जाळं ओढलं का वाटा."

"कुठी लिवलं आहे?"

कांता हसली नाई. "कुठीच नाई. उद्या एखादा जोरवाला आला तं हेबी जाईन, मले माहीत आहे. तवाचं तवा पाहीन."

इस्तारीनं जेवण आटोपलं, हात धुतला. मंग जे सांगाले आला होता ते बाहेर काढलं. "येत्या सभेत मी साऱ्याइले हात वर कराले लावतो. घरोघरी जाऊन सांगतो. माह्या शब्दाबाहेर कोन आहे? तू चाल."

कांतानं गाठ पुरी केली, दातानं धागा तोडला. "तुह्या सांगण्यानं हात वर झाले तं मी जन्मभर त्याइच्या उपकाराखाली. आन एखाद्यानं नाई केला, तं टोपली पुन्हा तूच उचलशीन. नाई उचलशीन का?"

इस्तारी म्हणाला का रस्ता औंदा बरा केला आहे, पूल उंच झाला आहे, गाडी टाइमावर आली.

निघताना तिनं त्याच्या थैलीत पळसाच्या पानात बांधून मासे टाकले. "वहिनीले दे," म्हणाली.

गाडीत थैलीतून पाणी गळाले लागलं. बाजूले आलापल्लीचा एक माणूस बसला होता, त्यानं पाय आखडून घेतले. "मासे का भाऊ? कोनतं गाव?"

"मोहतळा."

"मोहतळा म्हणजे तो मोठा तलाववाला? मंग मासे इकडून काऊन नेता? संपावर गेले का तिथले मासे?"

"बहिणीनं देल्ले," इस्तारी म्हणाला. मंग तो त्या माणसाकडे वळला आन छाती काढून सांगाले लागला का त्याच्या तलावाचा कायदा लिवलेला आहे, सोता त्याच्या हातचा, आन त्यातलं एक अक्षर आजवर कोनाले हालवता आलं नाई, उपसरपंचालेबी नाई.

"अन् बहीण इकडे काऊन राहते?" त्या माणसानं विचारलं.

इस्तारीनं थैली पायाजवळ ओढून घेतली आन कंडक्टरले विचारलं, गाडी चहाले कुठी थांबते.